पोकळीचा धनी कोण?

इमारतीतल्या प्रत्येक वस्तूला धनी असतो. कॉलम-बीम आरसीसी डिझायनरचे, भिंती आणि दारं-खिडक्या आर्किटेक्टच्या, पाइप प्लंबिंगवाल्याचे, डक्ट एसीवाल्याचे, केबल ट्रे इलेक्ट्रिकवाल्याचे. काही बिनसलं तर कुणाला बोलवायचं हे ठरलेलं असतं. मात्र एका मोठ्या इमारतीत हजारो जागा अशा असतात की त्यांचा धनी सांगता येत नाही, कारण तिथे काहीच नसतं. ती भोकं असतात. पाइप, डक्ट आणि केबल भिंतीतून, स्लॅबमधून, कधी बीममधून आरपार जातात ती वाट. प्लंबिंगवाल्याला ती हवी असते, पण भिंत त्याची नसते. भिंत ज्याची असते त्याच्या दृष्टीनं भोक म्हणजे आपल्या कामाला पाडलेलं खिंडार. गरज एकाची आणि अधिकार दुसऱ्याचा, अशा कात्रीत सापडलेल्या या बेवारस पोकळीबद्दल हे पुस्तक आहे.

मी या विषयाकडे वळलो तो पुस्तकं वाचून नव्हे. एका निवासी इमारतीत पार्किंगच्या मजल्याचं शटरिंग नुकतंच उतरलं होतं. फेरी मारताना दिसलं, की प्लंबरच्या हाताखालचा एक पोरगा कोअर कटिंगचं मशीन बीमला लावून उभा आहे, कॉलमपासून जेमतेम हातभर अंतरावर. बीमला कातरू पाहणारं बल आधाराजवळच सर्वांत जास्त असतं, म्हणजे भोक पाडायला त्या बीममधली ती सर्वांत वाईट जागा. मी ओरडलो, मशीन थांबलं. पोरगा घाबरला नाही. हातातला नकाशा पुढे करून त्यानं शांतपणे विचारलं, ‘‘साहेब, मग पाइप न्यायचा कुठून?’’ नकाशातली लाल रेघ बीमच्या आरपार गेली होती, आणि खाली माझी सही होती. प्लंबिंगचा नकाशा मी तपासला होता, बीमचाही तपासला होता. पण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कागदांवर. पाइप शेवटी बीमच्या खालून वळवला. त्या गाळ्यात आजही उंच माणूस डोकं वाकवून गाडीकडे जातो.

जुन्या वाड्याची भिंत रचणाऱ्या गवंड्यावर अशी वेळ सहसा येत नसे. कोनाडा कुठे, देवळी कुठे, मोरीचं पाणी कोणत्या बाजूनं बाहेर पडणार, चुलीचा धूर कुठून जाणार, हे भिंत वर येता येताच ठरे. भिंत रचणारा आणि तिच्यात वाट ठेवणारा माणूस एकच होता. अर्थात त्याचं कामही सोपं होतं. त्या घरात नळ नव्हता, वीज नव्हती. आज एखाद्या रुग्णालयाच्या बोळातलं खोटं छत उघडून पाहा. थंड पाण्याचे जाडजूड वेष्टनातले पाइप, हवेचे डक्ट, स्प्रिंकलरच्या लाइनी, ऑक्सिजनच्या तांब्याच्या नळ्या, सांडपाण्याचे पाइप, विजेच्या आणि डेटाच्या केबल, सगळं दोन-तीन फुटांच्या उंचीत एकमेकांना चुकवत चाललेलं असतं. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या कार्यालयात आखली जाते, कधी वेगळ्या शहरात. त्या सगळ्यांची गाठ पडते ती भिंतीपाशी.

भिंत विटेची असती तर छिन्नी-हातोड्यानं निभावून नेता आलं असतं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तसंच निभावलं आहे: आधी बांधा, मग फोडा, मग लिंपा. पण मुंबई-पुण्यात उंच निवासी इमारती आता मोठ्या प्रमाणावर ॲल्युमिनियमच्या साच्यात उभ्या राहतात. साइटवर सगळे त्याला ‘मायवन’ म्हणतात. त्यात भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटनं भरले जातात आणि बहुतेक भिंती इमारतीचं वजन पेलतात. तिथे काँक्रीट भरण्याआधी पाइपसाठीची नळी, म्हणजे स्लीव्ह, ठेवायची राहिली तर नंतर पडणारं भोक आडोशाला नव्हे, सांगाड्याला पडतं. आणि एक चूक एकदाच होत नाही. तोच साचा मजल्यामागून मजला वर चढतो, त्याबरोबर चूकही चढते.

फिनलंडमधल्या लोकांनी ही अडचण आपल्या आधी अनुभवली. तिथल्या कडाक्याच्या थंडीमुळे काँक्रीटचे भाग कारखान्यात ओतून साइटवर जोडण्याची पद्धत रुळलेली आहे. भोक कारखान्यातच ठेवून यायला हवं, म्हणजे पाइपची जागा इमारत उभी राहण्याच्या कितीतरी आधी पक्की व्हायला हवी. त्यामुळे या कामाला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्दच आहे: ‘रेइकाकिएर्तो’. रेइका म्हणजे भोक, किएर्तो म्हणजे फेरी. भोकांची यादी पाइप, डक्ट, केबल आखणाऱ्या सेवा-अभियंत्याकडून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जाते, त्याच्याकडून शेरे घेऊन परत येते, दुरुस्त होऊन पुन्हा जाते. जर्मनीत खाचा आणि भोकं दाखवणारा वेगळा नकाशाच असतो, आणि अभियंत्यांच्या शुल्काच्या तिथल्या अधिकृत नियमावलीत तो तयार करण्याचं काम नावानिशी नोंदलेलं आहे. आपल्याकडच्या करारपत्रांत ‘कोऑर्डिनेशन’ हा एक शब्द असतो आणि भोकं त्यात गृहीत धरलेली असतात. गृहीत धरलेलं काम कुणाचंच नसतं, हे वेगळं सांगायला नको.

आता मॉडेलकडे येऊ. बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल, म्हणजे बोलीत ‘बिम’, हे इमारतीचं नुसतं त्रिमिती चित्र नव्हे. त्यातल्या भिंतीला आपण भिंत आहोत हे ‘ठाऊक’ असतं: जाडी किती, कशाची, कोणत्या मजल्यावर, आग किती वेळ रोखणार. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतले प्राध्यापक चार्ल्स ईस्टमन यांनी 1975 साली, रेखाचित्रांऐवजी संगणकातल्या वर्णनावरून इमारत आखता येईल, असा विचार मांडला होता. पुढे प्रत्येक सॉफ्टवेअरची आपली बोली झाली, आणि त्या बोलींना जोडणारी सामाईक भाषा म्हणून 1990च्या दशकात आयएफसी घडू लागली. 2013 साली आयएसओ 16739 या क्रमांकानं ती आंतरराष्ट्रीय मानक झाली.

या भाषेनं पोकळीला कसं वागवलं आहे ते पाहण्यासारखं आहे. कागदावर भोक म्हणजे भिंतीच्या रेघेत सोडलेली जागा. आयएफसीत तसं नाही. तिथे भिंत अखंड असते. भोक ही वेगळी नोंद असते, तिला स्वतःचा ओळखक्रमांक असतो, आणि ‘हे भोक त्या भिंतीला पोकळ करतं’ असं नातं तिसऱ्या नोंदीत लिहिलेलं असतं. दार बसवलं तर ‘हे दार त्या भोकाला भरतं’ अशी आणखी एक नोंद. म्हणजे जिथे काहीच नाही त्यालाही नाव, पत्ता आणि नातेवाईक मिळाले. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मला तो संगणकवाल्यांचा अतिरेक वाटला होता. आता वाटतं, साइटवरची निम्मी भांडणं ही नोंद नसल्यामुळेच होतात.

पण त्यातही एक अडचण उरते. भिंतीतून भोक वजा करण्याचा हक्क भिंतीच्या धन्याचा. प्लंबिंगवाल्यानं आपल्या मॉडेलमधून आर्किटेक्टच्या भिंतीला परस्पर भोक पाडायचं नसतं, आणि बहुतेक सॉफ्टवेअर ते पाडूही देत नाहीत. मग त्यानं काय करायचं? मागायचं. आयएफसीत या मागणीसाठी ‘प्रोव्हिजन फॉर व्हॉइड’ नावाची सोय आहे. सेवा-अभियंता भिंतीच्या आरपार एक भरीव ठोकळा ठेवतो. ठोकळा काहीही कापत नाही. तो फक्त म्हणतो, इथे मला वाट हवी आहे. त्याच्यासोबत आकार, रुंदी, उंची किंवा व्यास, खोली आणि कोणत्या यंत्रणेसाठी ही माहिती जाते. फक्त ठोकळ्यांचं मॉडेल दुसऱ्यांकडे पाठवलं जातं. भिंतीचा धनी तपासतो, होकार असेल तर खरं भोक तो पाडतो, स्वतःच्या मॉडेलमध्ये.

या पुस्तकाचा सगळा भर या एका भेदावर आहे. ठोकळा ही मागणी आणि भोक हे तिचं उत्तर. मागणीविना भोक पडू नये आणि उत्तराविना मागणी पडून राहू नये. सॉफ्टवेअर कोणतंही असो, हा हिशेब सांभाळला तर काम सुरळीत चालतं.

मागणी नीट करणं हे मात्र वाटतं तितकं सोपं नाही. 600 बाय 300 मिमीच्या डक्टला तेवढंच भोक मागणारा मुलगा दर वर्षी एखाद्या कार्यालयात भेटतो. डक्टभोवती 25 मिमीचं वेष्टन धरलं तर तो 650 बाय 350 होतो; बसवायला आणि फट बंद करायला चहूबाजूंनी 50 मिमी ठेवले तर भोक 750 बाय 450चं होतं. तिथे फायर डॅम्पर बसणार असेल तर त्याच्या चौकटीचं माप वेगळं. पण म्हणून भोक ऐसपैस मागून ठेवणं हेही बरोबर नाही. आग रोखणारा सील ठरावीक रुंदीच्या फटीसाठीच तपासलेला असतो, आणि त्याहून मोठ्या फटीत तो भरवशाचा राहत नाही.

उंचीची गोष्ट याहून फसवी. सांडपाण्याच्या 110 मिमी पाइपला साठास एक असा उतार दिला, तर सहा मीटरवर तो 100 मिमी खाली आलेला असतो. पहिल्या भिंतीतलं भोक दुसऱ्या भिंतीवर त्याच उंचीवर उतरवून घेतलं, तर पाइप जवळजवळ स्वतःच्या जाडीइतका चुकतो. शिवाय उंची कुठून मोजली? आर्किटेक्ट तयार फरशीपासून मोजतो, आरसीसीवाला स्लॅबच्या पाठीपासून. लादी आणि तिच्याखालचा माल मिळून 75 मिमी धरले, तर दोघांचा ‘2400’ हा आकडा एक नव्हे. आणि ती उंची भोकाच्या तळाची की मध्याची? या प्रश्नाचं उत्तर प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यात लिहून ठेवलं नाही, तर शेवटच्या महिन्यात ते कोअर कटिंगच्या बिलावर लिहिलं जातं.

उत्तर देणाऱ्याचीही जबाबदारी आहे, आणि ती नुसतं ‘नाही’ म्हणून संपत नाही. आपल्या आयएस 456:2000 या संहितेत बीमविरहित सपाट स्लॅबमधल्या भोकांसाठी नियम आहेत. दोन्ही दिशांनी गाळ्याच्या मधल्या निम्म्या भागात कितीही मोठं भोक ठेवता येतं, फक्त एकूण लागणारी सळई कमी होता कामा नये. दोन कॉलमपट्ट्या, म्हणजे कॉलमांच्या ओळींवरचे स्लॅबचे पट्टे, जिथे एकमेकींना छेदतात तिथे पट्टीच्या रुंदीच्या एक अष्टमांशाहून जास्त भाग तोडायचा नाही. कॉलमपट्टी आणि मधली पट्टी यांच्या सामाईक भागात एक चतुर्थांशाहून जास्त सळई तोडायची नाही. कॉलमपासून स्लॅबच्या जाडीच्या दहापटीच्या आत भोक आलं, तर कॉलम स्लॅबला भोसकून वर येण्याविरुद्धची ताकद मोजताना त्या भोकाच्या रोखानं येणारा भाग हिशेबातून वगळावा लागतो. 225 मिमीच्या स्लॅबला हे अंतर सव्वादोन मीटर होतं. म्हणजे कुठे मोकळीक आहे आणि कुठे नाही, हे मागणी येण्याआधीच रंगवून देता येतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं सुरुवातीलाच असा हिरव्या-लाल पट्ट्यांचा आराखडा सेवा-अभियंत्यांना दिला, तर पुढच्या नकारांतले बरेचसे टळतात.

ताणलेल्या तारांच्या, म्हणजे पोस्ट-टेन्शन स्लॅबमध्ये ही काळजी दुप्पट लागते. तिथली 12.7 मिमी व्यासाची एकेक तार साधारण 14 टनांच्या जोरानं ओढून धरलेली असते. ती कापली गेली तर स्लॅबची ताकद जातेच, शिवाय ग्राउटनं पकडलेली नसली तर मशीन चालवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. अशा स्लॅबमध्ये ‘नंतर बघू’ हा पर्यायच नाही.

मागणी आणि उत्तर यांच्या मधली ये-जा पूर्वी ईमेलमधून आणि फोनवरून होत असे, आणि तिथेच हरवत असे. आता बीसीएफ नावाची पद्धत आहे. फिनलंडमधल्या दोन सॉफ्टवेअर कंपन्यांनी ती सुरू केली आणि पुढे ती आयएफसी सांभाळणाऱ्या ‘बिल्डिंगस्मार्ट’ या संस्थेकडे आली. तिच्यात आख्खं मॉडेल न पाठवता फक्त मुद्दा पाठवता येतो: कोणता ठोकळा, कोणत्या बाजूनं पाहायचा, शेरा काय, सध्या मुद्दा कुणाकडे. ‘दोनशे मिमी डावीकडे सरकवा, बीमची सळई येते’ हा शेरा त्या ठोकळ्याच्या ओळखक्रमांकाला बांधलेला राहतो. मात्र मंजुरीनंतर पाइप हलला, तर ठोकळाही हलवून नव्यानं मागणी करावी लागते. सर्वांत महागडी चूक इथे होते. पाइप मुकाट्यानं हलतो, मंजूर भोक जुन्या जागी राहतं, आणि सगळ्या याद्यांवर हिरवी खूण असते.

म्हणूनच ‘क्लॅश’च्या, म्हणजे मॉडेलमध्ये दोन वस्तू एकमेकींना भिडल्याच्या, आकड्यांवर विसंबू नका असं मी वारंवार सांगतो. बैठकीत कुणीतरी अभिमानानं सांगतं, की गेल्या आठवड्यात चार हजार क्लॅश होते, या आठवड्यात नऊशे राहिले. पण पाइप भिंतीला भिडतो ही चूक नव्हे. त्याला पलीकडे जायचंच आहे. खऱ्या तपासण्या दोनच. पाइप आहे पण भोक नाही, अशा जागा किती? आणि भोक आहे पण त्यातून जाणारं काहीच नाही, अशा किती? पहिली यादी सगळे काढतात. दुसरी फारसं कुणी काढत नाही, आणि रिकामी राहिलेली भोकं बांधकाम संपल्यावर छताच्या वर तशीच उघडी राहतात.

त्यानं काय बिघडतं, याचं उत्तर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात मिळतं. 22 मार्च 1975 या दिवशी तिथे केबल जिथून भिंतीच्या पलीकडे अणुभट्टीच्या इमारतीत जात होत्या त्या भोकाची सीलबंदी तपासण्याचं काम चाललं होतं. हवा कुठून झिरपते हे पाहायला कामगार मेणबत्ती धरत. ज्योत फटीत ओढली गेली, भोकात भरलेल्या फोमनं पेट घेतला आणि आग भिंतीच्या पलीकडे पोचली. ती विझायला सुमारे सात तास लागले. 1,600हून अधिक केबल निकामी झाल्या आणि एका अणुभट्टीच्या आपत्कालीन थंडीकरणाच्या यंत्रणा हातच्या गेल्या. मोठा अनर्थ टळला, पण अमेरिकेतल्या अणुकेंद्रांचे आगीविषयीचे नियम त्यानंतर नव्यानं लिहिले गेले. भिंत आग रोखणारी होती. तिच्यातलं भोक नव्हतं. आपल्या 2016च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही केबल आणि भिंत-स्लॅब यांच्यातली फट अग्निरोधक सामग्रीनं बंद करण्याची अट आहे. म्हणून या पुस्तकात भोकाची गोष्ट ते पाडण्यापाशी संपत नाही. मागितलं, तपासलं, मंजूर झालं, ठेवलं, वापरलं आणि शेवटी बुजवलं, या सगळ्या नोंदी एकाच ओळखक्रमांकाखाली असायला हव्यात, बुजवल्याच्या छायाचित्रासह.

हे मराठीत कशासाठी, असं काही मित्रांनी विचारलं. पुण्यात आणि नवी मुंबईत आज असे कितीतरी तरुण आहेत, जे युरोप-अमेरिकेतल्या इमारतींची मॉडेल रात्रंदिवस करतात. तिकडच्या भिंतींतली भोकं त्यांना पाठ असतात, आणि आपल्या स्वतःच्या सोसायटीत मात्र बाथरूमच्या स्लॅबला ब्रेकर लागलेला असतो. नागपूर मेट्रोसारख्या सार्वजनिक प्रकल्पानं बिमचा वापर करून दाखवला आहे, तेव्हा आपल्याला हे जमत नाही असं म्हणता येणार नाही. कमी आहे ती दोन टोकांमधल्या बोलण्याची. मॉडेल करणारा इंग्रजी मेनूंत अडकलेला, आणि फिटर, प्लंबर, सुपरवायझर यांची भाषा मराठी-हिंदी. त्यामुळे इथे मी साइटवरचेच शब्द ठेवले आहेत. काँक्रीट भरण्याआधी ठेवलेली गोल नळी ती ‘स्लीव्ह’, स्लॅबमध्ये सोडलेली मोठी जागा तो ‘कटआऊट’, नंतर मशीननं पाडलेलं भोक तो ‘कोअर’, आणि या सगळ्यांना मिळून ‘भोक’. हा शब्द पुस्तकात शोभत नाही, असं एका संपादकांचं मत पडलं. पण ‘छिद्र’ म्हटलं की सुईचं आठवतं आणि ‘विवर’ म्हटलं की चंद्रावरचं. प्लंबर म्हणतो तोच शब्द मला बरोबर वाटला.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात मागणी कशी करावी: मापं, पातळ्या, शेजारशेजारच्या पाइपांसाठी एकच भोक कधी मागावं. दुसऱ्यात उत्तर कसं द्यावं: सांगाडा, आग, आवाज आणि पाणी यांच्या बाजूनं. तिसऱ्यात फेरी कशी चालवावी: कुणी, किती दिवसांनी, आणि यादी कधी गोठवावी. कोणत्याही एका सॉफ्टवेअरची बटणं इथे शिकवलेली नाहीत. ती दर वर्षी बदलतात. ज्यांना घाई आहे त्यांनी तिसरा भाग आधी वाचला तरी चालेल.

वाचकाला एकच विनंती. पुस्तक बाजूला ठेवून आधी आपल्या प्रकल्पावर जा आणि विचारा: पुढचा स्लॅब भरायच्या आधी, त्यातल्या सगळ्या भोकांची यादी कुणाकडे आहे? एकाच माणसाचं नाव पुढे आलं, तर या पुस्तकातलं तुम्हाला बरंचसं आधीच येतं. चार नावं आली किंवा एकही आलं नाही, तर स्लॅब एक दिवस थांबवा. ‘साहेब, मग पाइप न्यायचा कुठून?’ हा प्रश्न मशीन हातात घेऊन उभ्या असलेल्या पोरानं विचारण्याआधी, टेबलाशी बसलेल्या आपण विचारायला हवा.